चालकाच्या हातात फोन दिसला, तर तक्रार करावी का, आणि कोणाकडे?

यवतेश्वर (सातारा)

सातारा, कोरेगाव आणि रहिमतपूर या टापूत नोकरीनिमित्त माझा सततचा प्रवास असतो. एसटी मिळाली तर एसटीने, नाही तर वडापने, म्हणजे माणसे भरून नेणाऱ्या खासगी जीपने. चालकाने गाडी चालवताना फोनवर बोलणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही, आणि 'हल्ली सगळेच तसे करतात' हे मला येथे पुन्हा ऐकायचेही नाही. माझा प्रश्न निराळा आहे. असा चालक दिसला, तर त्याची रीतसर तक्रार करावी की करू नये? करायची झाल्यास ती कोणाकडे केली म्हणजे तिचा काही उपयोग होतो?

विचारण्याचे कारण असे, की अलीकडेच मी एका जीपमध्ये पुढच्या बाकावर बसलो होतो आणि तिचा चालक दोन्ही मनगटे स्टिअरिंगवर टेकवून अंगठ्यांनी संदेश लिहीत होता. बोलत नव्हता, लिहीत होता. गिअर बदलायची वेळ आली, तेव्हा त्याने फोन दातांत धरला. मागे शाळेची मुले होती, बाजाराची पोती होती, दोन वृद्ध बायका होत्या. गाडीत कोणीही चकार शब्द काढला नाही.

मला अडवणाऱ्या गोष्टी तीन आहेत. त्या माणसाचे पोट त्या गाडीवर आहे. माझ्याजवळ पुरावा म्हणावा असे काही नाही. आणि उद्या त्याच थांब्यावर, त्याच वेळी, बहुधा त्याच गाडीत मला बसायचे आहे. ज्यांनी प्रत्यक्ष तक्रार केली आहे किंवा ज्यांच्याकडे अशा तक्रारी येत असत, त्यांनी लिहावे.


कोयनाकाठ (कराड)

प्रथम कायदा काय आहे ते पाहू, कारण या विषयावर बोलताना बहुतेक जण 'दोनशे रुपयांची पावती' या जुन्या काळातच असतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली जी मोठी दुरुस्ती झाली, तिने धोकादायक वाहन चालवण्याबाबतच्या कलम १८४ ला एक स्पष्टीकरण जोडले असून त्यात सिग्नल तोडणे, उलट दिशेने गाडी घालणे यांच्या जोडीने हातात संपर्क उपकरण धरून वाहन चालवणे हेही नावानिशी आले आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात न्यायालयात न जाता तडजोड शुल्क भरून मोकळे होता येते हे खरे. पण कायद्याच्या लेखी ही किरकोळ चूक नाही, हे ध्यानात असावे.

दुसरी गोष्ट परवान्याची. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये सर्व राज्यांना जे निर्देश दिले, त्यांनुसार मद्यपान, अतिवेग, सिग्नल तोडणे, जादा भार, मालवाहू गाडीतून माणसे नेणे आणि वाहन चालवताना मोबाईल वापरणे या कारणांसाठी परवाना किमान तीन महिने निलंबित करायचा आहे. दंडापेक्षा धंदेवाईक चालकाला भीती असते ती याची.

आणि एक अपवाद. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत अशी तरतूद आहे, की रस्ता शोधण्यासाठी फोन वापरता येतो, मात्र चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. तेव्हा काचेपाशी स्टँडला लावलेल्या फोनवर नकाशा दिसत असेल, तर त्या माणसाच्या मागे लागू नये. अशा अर्धवट तक्रारींमुळेच खऱ्या तक्रारींचे वजन कमी होते.


माणगंगा (दहिवडी)

मी विरुद्ध बाजूने लिहितो आहे, कारण या धाग्यावर पुढे सगळेच एका सुरात बोलू लागतील अशी मला शंका आहे.

वडापचा धंदा ज्यांनी जवळून पाहिलेला नाही, त्यांना त्या चालकाचा फोन सारखा का वाजतो हे कळत नाही. माझा चुलतभाऊ या लायनीवर आहे. गाडी नंबराला लागते, म्हणजे थांब्यावर पाळीने भरते; नंबर चुकला की पुढचा तास रिकामा जातो. त्यामुळे मागचा आणि पुढचा चालक एकमेकांना सतत फोन करत असतात: कोणत्या फाट्यावर किती माणसे उभी आहेत, एसटी पुढे गेली की मागे आहे, पोलीस कुठे उभे आहेत. त्याशिवाय मालकाचा फोन. गाडी मालकाची असेल आणि चालक रोजावर असेल, तर मालकाचा फोन न उचलणाऱ्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस असतो. आणि आपल्यासारखे प्रवासी तर आहेतच, जे फाट्यावर उभे राहून 'मामा, कुठंपर्यंत आलात?' असे विचारतात. या सगळ्यांपैकी कोणाचीही तक्रार होत नाही. परवाना तीन महिने निलंबित झाला, की चूल बंद पडते ती एकट्या चालकाची.

शिवाय गावात तक्रार ही नुसती तक्रार राहत नाही. लायनीवरच्या दोन मालकांचे भांडण असले, की एक दुसऱ्याच्या चालकाचे फोटो काढून पाठवतो. त्याला रस्त्याच्या सुरक्षिततेशी काही देणे-घेणे नसते. तेव्हा तक्रारीची सोय जितकी सोपी कराल, तितकी ती हिशेब चुकते करणाऱ्यांच्या हाती जाईल.


वेण्णालेक (मेढा)

माणगंगा यांचे वर्णन पटते, निष्कर्ष पटत नाही. फोन का वाजतो याचे कारण कळले, म्हणून तो उचलल्याने गाडीचे ब्रेक लवकर लागत नाहीत.

गणित अगदी साधे आहे. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. आलेला संदेश वाचण्यासाठी नजर पाच सेकंद खाली गेली, तर गाडी ८३ मीटर पुढे गेलेली असते. महामार्गावर ताशी ८० ने जात असाल, तर १११ मीटर. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना जे एस वळण लागते, तेथे हे अंतर मनातल्या मनात मोजून पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार फोन वापरणाऱ्या चालकाला अपघात होण्याची शक्यता न वापरणाऱ्याच्या सुमारे चौपट असते, आणि कानात यंत्र घालून बोलणे हे हातात धरून बोलण्यापेक्षा फारसे सुरक्षित नाही. कायदा हातातल्या फोनला पकडतो, पण मन मात्र दोन्ही प्रकारांत रस्त्यावरून उठलेले असते.

आकडेवारीविषयी एक गोष्ट नोंदवतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२१ साली देशभरात ४,१२,४३२ अपघात आणि १,५३,९७२ मृत्यू नोंदले आहेत. त्यांपैकी मोबाईलच्या वापरामुळे झालेले अपघात १,९९७ आणि मृत्यू १,०४०. हे आकडे दाखवून कोणी 'बघा, प्रमाण किती थोडे आहे' असे म्हणेल. पण आपल्याकडच्या फिर्यादीतले वाक्य ठरलेले असते: 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून'. फोन त्या वाक्यात कुठे बसतो? धडक झाल्यावर फोन खिशात जातो किंवा झुडपात पडतो, चालक बोलण्याच्या स्थितीत नसतो किंवा बोलत नाही, आणि कारणाच्या रकान्यात वेग लिहिला जातो. वेगाच्या खात्यावर गेलेल्या किती अपघातांत मूळ कारण फोन होते, हे त्या तक्त्यावरून कळणे शक्य नाही.


जुना_कंट्रोलर (सातारा)

मी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. प्रवाशांच्या तक्रारी आमच्या खिडकीपाशी येत असत, त्यामुळे कोणती तक्रार पुढे सरकते आणि कोणती वहीतच राहते, हे मी जवळून पाहिले आहे.

'तुमचे ड्रायव्हर फोनवर बोलतात' ही तक्रार नव्हे, ते मत झाले. त्यावर कोणी काहीही करू शकत नाही. तक्रारीत गाडीचा क्रमांक हवा, फेरी कोणती ते हवे, तारीख आणि वेळ हवी, आणि साधारण कोणत्या ठिकाणी घडले ते हवे. म्हणजे 'वाढे फाटा सोडल्यानंतर पाचवडपर्यंत' असे. एवढे असले, की त्या वेळी त्या गाडीवर कोण होते हे आगारातल्या नोंदींवरून तत्काळ निघते आणि नाकारायला जागा उरत नाही. तिकीट जपून ठेवावे, कारण त्यावरून तुम्ही त्या गाडीत होता हे सिद्ध होते. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे द्यावा, प्रत विभाग नियंत्रकांना, आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये, एवढे मी स्वतः त्या खिडकीच्या आत बसलेला माणूस सांगतो आहे.

उपयोग होतो का, असे यवतेश्वर यांनी विचारले आहे. मार्च २०२५ मध्ये दादर–स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवत असताना फोनवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचे चित्रण करून ते थेट परिवहनमंत्र्यांकडे पाठवले. चालकाला कामावरून काढण्यात आले आणि ज्या खासगी कंपनीची ती गाडी होती, तिला ५,००० रुपये दंड झाला. आता हे खरे, की सातारा–मेढा गाडीतल्या प्रवाशाचे चित्रण मंत्र्यांपर्यंत इतक्या वेगाने पोहोचणार नाही. पण मुद्दा असा, की ज्या चालकाच्या वर कोणीतरी जबाबदार आहे, त्याच्याबाबत केलेली तक्रार कुठेतरी जाऊन पोहोचते. मोटारीतून जाणाऱ्या अनोळखी माणसाबाबत तसे होत नाही.

आणखी एक बाब, जी बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पूर्वी चालकाने काही वेडेवाकडे केले, तर वाहक मागून घंटी मारून त्याला भानावर आणत असे. 'मास्तर, त्यांना सांगा' एवढे म्हटले, की प्रवाशाचे काम झाले. सातारा–स्वारगेट विनावाहक गाडीत तो माणूसच नाही. तेथे चालकाला हटकणारा कोणी असेल, तर तो पहिल्या दोन बाकांवर बसलेला प्रवासीच. विनावाहक गाडीतल्या चालकाच्या हातात फोन दिसला, तर माझ्या मते तक्रार करण्याबाबत दुमत असू नये.


माणगंगा (दहिवडी)

एसटीचे ठीक आहे. तेथे चौकशी आहे, संघटना आहे, चालकाला आपली बाजू मांडायची सोय आहे. वडापवाल्याला यातले काय आहे?


जुना_कंट्रोलर (सातारा)

काहीच नाही, आणि म्हणूनच तेथे पहिले पाऊल पोलिसांचे नसावे. प्रत्येक थांब्यावर गाड्यांचे नंबर लावणारा माणूस असतो आणि लायनीचे चार जुने मालक असतात. चालक त्यांचे ऐकतो, कारण नंबर त्यांच्या हातात असतो. त्यांना सांगावे. त्यांनी ऐकले नाही, तर मग अर्ज लिहावा.


हरिपूर_रोड (सांगली)

आमच्याकडे हा प्रश्न शाळेच्या व्हॅनवरून उभा राहिला आणि तो ज्या रीतीने सुटला, ती पद्धत मला अजूनही विचार करण्याजोगी वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

विश्रामबागच्या बाजूने मुलांना घेऊन येणाऱ्या व्हॅनचा चालक सकाळी फोन कानाला लावूनच गाडी वळवतो, असे एका आईने पाहिले. तिने रस्त्याच्या कडेने चित्रण केले आणि ते पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. दुपारपर्यंत ते चार शाळांच्या गटांत फिरले होते, त्यात गाडीचा क्रमांक स्वच्छ दिसत होता, आणि संध्याकाळी त्या चालकाच्या घरासमोर दोन पालक जाऊन आरडाओरडा करून आले. दुसऱ्या दिवशी व्हॅन आलीच नाही. मुले रिक्षात कोंबून शाळेत गेली. एका रिक्षात किती, ते लिहीत नाही.

मग काही जणी मुख्याध्यापकांकडे गेल्या. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बससाठी स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालक-शिक्षक संघाचे प्रतिनिधी, शिवाय वाहतूक पोलीस आणि परिवहन विभागाचे अधिकारी, अशी तिची रचना असते. समिती कागदावर होती, बैठक मात्र कित्येक दिवसांत झालेली नव्हती. आम्ही लेखी मागणी केल्यावर ती झाली आणि चालकालाही तेथे बोलावले गेले.

त्याने आपला फोन सरळ टेबलावर ठेवला आणि म्हणाला, 'मॅडम, सकाळचे फोन कुणाकुणाचे आहेत ते तुम्हीच बघा.' सकाळच्या त्या पाऊण तासातले जवळजवळ सगळे फोन पालकांचे होते. कुठे आलात, आज पाच मिनिटे थांबा, आज ती येणार नाही, डबा विसरला आहे तो कोपऱ्यावरून घ्या. ज्या आईने चित्रण केले होते, तिचाही फोन त्या यादीत होता. तिला लाजवण्यासाठी हे लिहीत नाही. तिने चित्रण केले नसते, तर ती यादी कोणी पाहिलीच नसती.

ठरले ते असे. सकाळी व दुपारी फेरी चालू असताना चालकाचा फोन व्हॅनमधल्या मदतनीस बाईंकडे राहील, पालकांनी संदेश फक्त त्यांना पाठवायचा, आणि मूल दारात उभे नसेल तर गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबणार नाही. या शेवटच्या अटीवर सर्वांत जास्त वाद झाला. चालकाला समज देण्यात आली, ती लेखी आहे, आणि पुन्हा घडल्यास परिवहन कार्यालयाला कळवण्यात येईल असे त्यात आहे. व्यवस्था आजही चालू आहे. तक्रार करावी याविषयी माझ्या मनात शंका नाही. ती समितीपुढे करावी, गटावर नव्हे.


अग्रणी (तासगाव)

वकिली करत असल्यामुळे पुराव्याबद्दल थोडे लिहितो, कारण 'व्हिडिओ आहे म्हणजे झाले' हा समज फार पसरलेला आहे.

तुम्ही फोनवर काढलेले चित्र पोलिसांना माहिती म्हणून उपयोगी पडते. ते न्यायालयात पुरावा म्हणून टिकायचे असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि वेळ पडल्यास काढणाऱ्याला उभे राहून 'होय, हे मी काढले' असे सांगावे लागते. इलेक्ट्रॉनिक चलनासाठी तर २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७अ आला, त्यात चित्रण करणाऱ्या यंत्राला मान्यता-प्रमाणपत्र हवे, आणि गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत नोटीस जायला हवी, अशी बंधने आहेत. राज्यात २०२५ मध्ये वाहतूक पोलिसांनाच खासगी मोबाईलवर वाहनांचे फोटो काढून नंतर चलन करू नये, अशा सूचना देण्यात आल्या. पोलिसाच्या खासगी फोनची ही स्थिती, तर माझ्या-तुमच्या फोनवरून थेट दंड होईल अशी अपेक्षा ठेवू नये. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर नागरिकांना प्रकार कळवण्याची सोय आहे, तिचा वापर जरूर करावा. पण ते कळवणे आहे, शिक्षा देणे नव्हे.

याची दुसरी बाजू अशी, की क्रमांकावरून मालक सापडतो आणि त्या वेळी गाडी कोण चालवत होते हे सांगण्याचे बंधन कलम १३३ ने मालकावर घातलेले आहे. पोलिसांनी मालकाला बोलावून एवढे जरी विचारले, तरी पुष्कळदा काम होते. मालकाला आपली गाडी ठाण्याच्या दारात उभी राहायला नको असते.

कोणी असेही विचारेल, की मदत करणाऱ्या नागरिकाला कायद्याचे संरक्षण आहे ना. कलम १३४अ चे संरक्षण अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यासाठी आहे. तक्रारदारासाठी ते नाही. त्यामुळे चित्रण समाजमाध्यमांवर टाकून सोबत शेलके शब्द लिहू नयेत. माणूस चुकीचा निघाला, तर बदनामीच्या तक्रारीला तोंड तुम्हालाच द्यावे लागेल.


कोयनाकाठ (कराड)

दिल्लीत 'ट्रॅफिक प्रहरी' नावाची योजना आहे. नागरिकांनी ॲपवरून नियमभंगाचे फोटो पाठवायचे आणि महिनाअखेर सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांना रोख बक्षिसे. पहिले ५०,००० रुपयांचे. आपल्याकडेही असे काही व्हावे असे वाटते का?


माणगंगा (दहिवडी)

कृपा करून नको. बक्षीस लागले, की कराडच्या कोल्हापूर नाक्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत फोटो काढणारेच उभे राहतील, आणि त्यातले निम्मे दुचाकी चालवता चालवता फोटो काढत असतील.


वेण्णालेक (मेढा)

या एका मुद्द्यावर माणगंगा यांच्याशी पूर्ण सहमत. स्वतः गाडी चालवत असताना दुसऱ्याचे चित्रण करणे हा तोच गुन्हा आहे. सोबत कोणी असेल तर त्याने क्रमांक टिपावा, एकटे असाल तर क्रमांक पाठ करावा आणि गाडी बाजूला घेतल्यावर लिहावा. समोरची गाडी झोकांड्या खात असेल, म्हणजे धोका आत्ताच्या आत्ता असेल, तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदत क्रमांकही आहे. पण फोन लावण्याआधी थांबावे.


ऊसपट्टा (वाळवा)

एवढी चर्चा झाली आणि ट्रॅक्टरचे नाव कोणी काढले नाही, याचे आश्चर्य वाटते. हंगाम सुरू झाला, की आमच्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, टेपचा आवाज अर्ध्या कोसावरून ऐकू येतो, आणि चालकाचा फोन मडगार्डवर किंवा मांडीवर चालू असतो. मागच्या ट्रॉलीचा क्रमांक उसाच्या वाढ्यांखाली किंवा चिखलाखाली गेलेला असतो. क्रमांकच दिसत नाही, तर महाट्रॅफिक ॲपवर काय पाठवणार?

पण ट्रॅक्टर कोणत्या कारखान्याला चालला आहे, हे गावातल्या कोणालाही माहीत असते. वाहनमालकाचा कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार असतो, उचल घेतलेली असते, आणि गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर गेल्याशिवाय त्याचे बिल निघत नाही. म्हणून आम्ही कारखान्याच्या गटाच्या शेती ऑफिसात जाऊन सांगितले, की अमक्या शिवारातून अमक्या वेळी भरून निघालेली गाडी आहे, चालक व्हिडिओ बघत चालवतो, वळणावर ट्रॉली डांबराच्या खाली उतरली होती. शेती अधिकाऱ्याने काट्यावर निरोप दिला आणि गाडी तेथे उभी करून मालकाला बोलावून घेतले. गाडी रांगेतून मागे गेली, की मालकाचे नुकसान लगेच दिसते. पोलिसांच्या पावतीने तेवढे होत नाही. हे सर्व कारखान्यांत होईल असे मी म्हणत नाही. आमच्याकडे झाले, कारण सांगायला गेलेल्यांत चार सभासद होते आणि निवडणूक जवळ होती.


कासपठार (सातारा)

मी एकटीने प्रवास करणारी बाई म्हणून लिहिते. 'चालकाला तिथल्या तिथे सांगा' हा सल्ला सहज दिला जातो. दिवसा, भरलेल्या गाडीत, मी सांगते. 'मामा, फोन ठेवा, नाही तर गाडी बाजूला घेऊन बोला' असे म्हटले, की बहुतेक जण ठेवतात. काही जण पुढच्या फाट्यापर्यंत पुटपुटत राहतात, त्याने काही बिघडत नाही. पण संध्याकाळी सात वाजता कोरेगावहून निघालेल्या जीपमध्ये मी एकटी बाई असेन, तर मी त्याला हटकणार नाही, चित्रण करणार नाही, आणि उतरल्यावर गाडीच्या मागे जाऊन क्रमांकही टिपणार नाही, कारण तो आरशातून पाहत असतो. अशा वेळी मी एकच करते. गाडीत बसण्यापूर्वीच क्रमांक घरी पाठवते, ते तसेही करतेच. तोच क्रमांक नंतर तक्रारीला उपयोगी पडतो. धागाकर्त्यांची तिसरी अडचण, म्हणजे उद्या त्याच गाडीत बसण्याची, ही आमच्यासाठी पहिली अडचण आहे, आणि निनावी तक्रार स्वीकारणारी जागा असल्याशिवाय ती सुटत नाही.


यवतेश्वर (सातारा)

सर्वांचे आभार. मी जीपच्या बाबतीत अर्ज केलेला नाही; थांब्यावर नंबर लावणाऱ्या गृहस्थांना भेटून सांगितले. त्यांनी कोणत्या गाडीविषयी बोलतो आहे हे न विचारताच नाव सांगितले, यावरून ही गोष्ट त्यांना आधीपासून माहीत होती असे दिसते. मोटारीतून एकट्याने जाणाऱ्यांच्या मागे लागण्यात मला स्वतःला अर्थ दिसत नाही, वेळ घालवायचा तर तो दुसऱ्यांची माणसे घेऊन जाणाऱ्यांवर घालवावा असे माझे मत झाले आहे.

स्वारगेटहून परतताना मात्र विनावाहक गाडीत तोच प्रकार पाहिला. तिकीट ठेवले आहे, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवले आहे, अर्ज तयार आहे. जुना_कंट्रोलर साहेबांना एकच विचारायचे आहे: माझे नाव त्या चालकाला कळेल का?


जुना_कंट्रोलर (सातारा)

कळेल. खात्याची चौकशी लागली, तर आरोपपत्रासोबत तक्रारीची प्रत चालकाला द्यावी लागते, आणि त्याने मागणी केल्यास तुम्हाला साक्षीला बोलावतील. त्याचा प्रतिनिधी तुम्हाला प्रश्नही विचारेल. बरेच तक्रारदार त्या दिवशी येत नाहीत आणि प्रकरण तेथेच संपते. तेव्हा अर्जात जे पाहिले तेवढेच लिहा, 'नेहमी असेच करतात' हे वाक्य असेल तर खोडा, आणि बोलावणे आल्यास रजा टाकून जाण्याची तयारी असेल तरच अर्ज द्या. स्टँडवर आमच्या जुन्या खिडकीपाशी दुपारी दोननंतर गर्दी कमी असते.